रिकामी चक्की

लाइन अकराला जाते, चारला येते.
मे महिन्यात आमच्या गावात एवढंच वेळापत्रक पाळलं जातं.
अकराला पट्टा थांबतो, हवेतलं पीठ हळूहळू खाली बसतं
आणि मी सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांवर आडवा होतो,
पाच मिनिटं म्हणून.

ती पाच मिनिटं कधीच पाच नसतात.
डोक्यावरचा पत्रा तापून टणटण वाजतो,
शेळी दारातून येऊन कुणाच्या तरी डब्यात तोंड घालून जाते,
कवडूची माय दोनदा हाक मारून परत फिरते,
मला पत्ता नसतो.
उठतो तेव्हा गालावर तरटाची वीण उमटलेली
आणि तोंडात कोंड्याची चव.

मग रात्र.
अंगणात सडा घातलेला, बाजा टाकलेल्या.
बेबी पाठ टेकते न टेकते तोच झोपते,
जणू कुणी खटका खाली केला.
मी बाजेच्या नवारीचे पट्टे मोजतो. लांबीला अठरा.
मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर पारावर खोकतो,
बाराला एकदा, सव्वाला एकदा.
उशी उलटवतो. थोड्या वेळानं परत उलटवतो.
उशीला दोनच बाजू असतात
हे माणसाला रात्री अडीचलाच कळतं.

बाप सांगायचा, चक्की रिकामी फिरवू नको बे,
दाणा नसला का गोटा गोट्याले खाते.
तसंच चाललंय आत.
रात्रीचं दळण मी दुपारीच दळून बसलो,
आता नुसतंच घुमतंय:
मोर्शीच्या साडूला दिलेली, परत न आलेली सायकल,
तेविसाव्या वर्षी बोलायचं राहिलेलं एक वाक्य,
आपल्या काट्यात खरंच पन्नास ग्रॅमची खोट आहे का.
ठिणग्या उडतात. पीठ पडत नाही.

उद्या दुपारी झोपायचं नाही.
हे कालही ठरलं होतं.

"जागाच हायेस का रे बाप्पा?" भिंतीपलीकडून.
कवडूची माय.
"हो मावशी."
"मी बी. दुपारी डोया लागला ना."
मग बराच वेळ दोघंही गप्प,
एकाच वावरात भेटलेल्या दोन चोरांसारखे.
"माहा डबा दयला काय?"
नव्हता.

उठलो. लाइन होती, रात्री असतेच.
तिची पाच किलो ज्वारी चक्कीच्या तोंडात ओतली, खटका दाबला.
आधी कुत्री उठली, मग शिव्या देत गल्ली.
मला मात्र ती घरघर, पायाखालची ती थरथर,
पिठाचा कोमट वास नाकात, आणि

एवढंच आठवतं.

बेबी सांगते, दाणे कधीचे संपले होते,
गोटे कडकडत होते,
आणि मी पोत्यांवर, तोंड उघडं.
तिनं खटका पाडला.
भुवयांवरचं पीठ पदरानं झटकलं, म्हणे,
तरी हललो नाही.

सकाळी डबे घेऊन आलेल्यांना
ती दारातच सांगत होती,
"झोपले हायेत. अकराच्या आत उठले त दयून देतीन."