चव्वेचाळिसावा दिवस

मणेराजुरीच्या माळावर, खरड छाटणीनंतर,
इलाही मुजावर रोज सातच्या आत
काडीवरचा सहावा डोळा खुडायचा.
पाचवा नाही, सातवा नाही.
तीन वेली पाणी तोडलेल्या ओळीतल्या,
तीन पाणी चालू असलेल्या.
मी चिमटा धरायची. कृत्रिम रेतनवाल्या डॉक्टरांकडून
मागून आणलेल्या नायट्रोजनच्या भांड्यात
डोळा पडायचा, चर्र करायचा, गप्प व्हायचा.

साठ दिवस. तीनशे साठ डोळे.

आता तासगावात, भाड्याच्या खोलीत,
लॅपटॉपखाली स्टीलचं ताट उपडं घालून
मी त्यांना तारखेवार बसवते.
प्रोग्रॅमला वेळ कळते, हे त्याचं वेगळेपण.
किती वाढलं, एवढंच तो सांगत नाही;
कधीपासून, तेही सांगतो.
वीस-पंचवीस हजार जनुकं. बहुतेक आडवी पडलेली,
मे महिन्याच्या दुपारी पडावीत तशी.
उरलेल्यांची चाल बघून त्यानं गठ्ठे बांधले, नऊ.
सातव्या गठ्ठ्यात दोन्ही ओळींच्या रेषा
एकेचाळीस दिवस एकमेकींवरून चालतात
आणि बेचाळिसाव्याला वाट फुटते.
एक चढते. एक तिथंच घुटमळते.

इलाही पडद्यावर बोट ठेवतो, नखात बोर्डोचा निळा:
"म्याडम, ह्यातला घड कंचा आन् बाळी कंची?"
वरची घड, मी म्हणते. बहुतेक.
"बहुतेक म्हंजे?"
म्हणजे शंभरात पाच वेळा चूक.
तो हसतो. "आमचं त्याहून लई चुकतंय."

चव्वेचाळिसाव्या दिवशी टिंबच नाही.
त्या दिवशी भांडं मिरजेच्या फाटकात अडकलं,
मालगाडी हलेना, नायट्रोजन उडून गेला,
आणि सहा डोळ्यांतलं लिहिलेलं सगळं विरघळलं.
प्रोग्रॅमनं त्रेचाळीस आणि पंचेचाळीस जोडून टाकलेत,
इतक्या गुळगुळीत हातानं
की मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं.

"त्या दिशी ढग हुतं," इलाही म्हणतो.
"दोपारपातुर. पानं उलटी झालती.
ढगात घड जिरतो, म्हाताऱ्यास्नी इचारा.
ते कुठाय ह्यात?"

मी एक रकाना वाढवला. नाव दिलं: ढग.
एकोणसाठ शून्यं, एक एक.
चालव म्हटलं.
पंखा दोनदा घुमला आणि लाल अक्षरात उत्तर आलं:
या दिवसाचा नमुना नाही.
एकाच दिवसावरून काही ठरवता येत नाही.

इलाहीला वाचून दाखवलं.
"बरोबर हाय की," तो म्हणाला,
आणि पुढच्या छाटणीला किती भांडी आणायची ते विचारलं.

दोन, मी म्हटलं.
रकाना पुसला नाही.
चव्वेचाळिसाव्यावरची रेघ तेवढी तुटक केली.