मूठ

चोपड्याच्या बाजारात सांडू शिकलगार
चाकूचं पातं उघडतो, हुंगतो.
‘केळीना चीक शे. जुना.’

मग तडकलेली शिंगाची मूठ
उलटीसुलटी करतो.
‘डावरा व्हता का तुना बाप?’

नाही, म्हणतो मी.
जेवायचे उजव्यानं. सहीसुद्धा उजव्यानं.

तो झिजेवर बोट ठेवतो फक्त.

मळ्यात एकटे असताना
कोणता हात खिशात जायचा
हे बघायला
मी कधी गेलोच नाही.

दुपारपर्यंत अंजनाची मूठ बसते,
काळी, जड,
पितळी खिळे घासून सपाट.
मिटताना टक् वाजतं, पूर्वीसारखंच.

‘जुनी फेकी दू का?’

नको. कागदात बांधा.

यावलच्या बसमध्ये पुडी सोडतो,
डाव्या हातात धरून बघतो.
खळग्यात अंगठा मावत नाही.

एवढासाच होता
त्यांचा हात?