कुदुरे, कूदलु

पहाटे हिरण्यकेशीच्या काठानं हौशीला दौडवून आणते
तेव्हा साखर कारखान्याच्या मळीचा वास
आधी हेल्मेटात शिरतो, मग केसांत.
मग तिचा घाम, माझा घाम, खोगिराचं कातडं.
आणि दहाला मला बसायचं असतं
संकेश्वरच्या पतसंस्थेत, काउंटर नंबर दोन,
इस्त्रीची साडी नेसून.

शैनाजभाभी म्हणते, लगेच पाणी नको घेऊ डोक्यावर.
घाम आधी वाळू दे.
ओल्या घामावर पाणी म्हणजे चिखलावर सारवण.
वेणी सैल घाल, मानेपाशी,
वर मलमलीचा जुना तुकडा, त्यावर हेल्मेट.
उतरलीस की खाली वाकून केस झटक,
सातूचं पीठ चिमूटभर मुळाशी चोळ,
आणि विंचर, पण टोकाकडून वर.
"आयाळ बी तशीच," दस्तगीर तबेल्यातून ओरडतो,
"वरनं वढली की लाथ बसत्या."

मग ती निखाऱ्यावर ऊद टाकते.
मी उलट्या टोपलीवर केस पसरून पडते,
खालून धूर चढतो,
आणि हौशी दावणीतून बघत राहते,
हिचं काय चाललंय म्हणून.

चौथीत, कन्नडच्या तासाला
बेल्लद टीचरनी मला उभं केलं.
स्वतःबद्दल एक वाक्य बोल.
मी छाती काढून बोलले, नन्न कुदुरे उद्द इदे.
म्हणायचं होतं, माझे केस लांब आहेत.
म्हटलं गेलं, माझा घोडा लांब आहे.
कूदलु आणि कुदुरे,
घरी मराठी बोलणाऱ्या तोंडात
दोन्ही एकाच खुंटाला बांधलेले.
वर्ग बाकांवरून घसरला. टीचर तेवढ्या हसल्या नाहीत.
एष्टु उद्द? त्यांनी विचारलं. किती लांब?
मी कमरेपाशी हात नेला.
तेव्हा आमच्या घरी घोडा सोडा,
सायकलसुद्धा भाड्याची यायची, तासाला आठ आणे.

ऊद घेतला तरी पुरतं जात नाही.
दुपारी पंखा फिरला की थोडं उठतंच वर.
कलगौडा मॅनेजर चष्म्यावरून बघतात,
"मॅडम, बॉबकट करा की. सुटाल."
मी म्हणते, करते की, मार्चएंड होऊ दे.
सहा मार्चएंड झाले.

काल मल्लाप्पा गस्ती आले, ठेव नूतनीकरणाला.
काचेच्या फटीतून पावती सरकवता सरकवता थांबले,
माझ्या डोक्याकडं बोट केलं
आणि विचारलं, कुदुरे?

एकतीस वर्षांनी कुणीतरी माझी चूक
माझ्या बाजूनं केली.
मी म्हटलं, हौद्री. कुदुरे.

ते नोटांना थुंकी लावायचे विसरले.
टांगा होता आमचा, म्हणाले,
घटप्रभा स्टेशन ते गोकाक.
आई बापाला परसातनंच आत घ्यायची,
न्हाल्याबिगर नाही.
बापाचं डोकं मीच चोळायचो, रिठ्यानं.
पुढं काही बोलले नाहीत.
सही करताना कागदावर जरा जास्तच वाकले
आणि दोनदा नाक ओढलं.
सर्दी असेल. हवा बदलतेय.

संध्याकाळी फणीत पांढरे केस सापडले, दोन.
हौशी पांढरी आहे, त्यामुळं मी घाबरले नाही.
दोन बोटांत एकेक फिरवून पाहिला.
एक जाड, ताठ, झाडूच्या काडीसारखा.
दुसरा बारीक.
वाकवला तसा वाकून राहिला.

दोन्ही फणीतच ठेवले.
उद्या पुन्हा साडेपाच.
मलमलीचा तुकडा धुवून दोरीवर टाकलाय,
अजून ओला आहे.