बॉनेट थंड असताना

पहाटे ये म्हणालो, इल्यास, ते उगाच नाही.
सोहारच्या सनैयात दुपारी
सगळीच इंजिनं एका हाकेत उठतात.
पंचेचाळीस डिग्रीत म्हातारं डिझेलही
तरणं होऊन बोलतं.

आधी बॉनेटवर तळहात ठेव.
कोमट लागलं तर समज,
आपण यायच्या आधीच कुणीतरी
तिला खोकून घ्यायला लावलंय.

थंड आहे? बरं. मार चावी.
धूर बघ, हमूदचं तोंड बघू नकोस.
निळा आला तर तेल पितेय.
पांढरा आला आणि पांढराच राहिला
तर इंजेक्टर, नाहीतर हेड,
दोन्हीकडून तुझाच खिसा.
काळा, जरासा, पायाबरोबर येऊन जाणारा,
तो चालतो.

नवी डिझेल म्हणजे अर्धी गाडी, अर्धी वही.
स्कॅनर लावला की जुने गुन्हे वाचता येतात.
पण काल रात्री कुणी पुसले असतील
तर पाटी कोरी दिसते.
कोरी पाटी बघून खूश होऊ नकोस,
दहा किलोमीटर पळव आणि मग पुन्हा वाच.

मीटर म्हणतो एक लाख चाळीस.
ब्रेकच्या पॅडलचं रबर काय म्हणतंय?
त्याला अजून कुणी खोटं बोलायला शिकवलेलं नाही.

मॅट उचल. सीटच्या रुळात
पिठासारखा गाळ सापडला
तर ही वादीच्या पुरात झोपून आलीय.
मग सलाम करायचा आणि चहा न घेता निघायचं.

आता हौद्याखाली वास घे.
श्रीवर्धनच्या माणसाला हा वास घरचा वाटतो,
म्हणूनच सांगतो.
बर्फाचं खारं पाणी गळत गळत
चॅसीच्या पोटात शिरतं, आणि वरून रंग तसाच.

थांब.
टॉर्च दे इकडे.

डाव्या बाजूला, मागच्या स्प्रिंगच्या वर
चार बोटं लांब वेल्डिंगचा टाका,
शेवटी जरा उजवीकडे वळलेला.
हात ओळखला मी.

रमझानमधली रात्र होती.
अबू सालिमला उंट घेऊन सकाळी निघायचं होतं.
म्हणालो होतो, महिनाभर चालेल,
मग आणून नीट करून घे.
तो आला नाही.
टाकाही सुटला नाही. नऊ वर्षं झाली.

हमूद भिंतीपाशी करकचा कप घेऊन उभा,
विचारतो, काय सापडलं?
चॅसी एकदा तुटलेली आहे, मी म्हणालो.
कुणी जोडली, ते काही बोललो नाही.
दोनशे रियाल उतरले.

घे, इल्यास. गाडी वाईट नाही.
फक्त शुक्रवारी माझ्याकडे आण,
तो टाका उघडून नव्यानं मारायचा आहे.
पैसे राहू देत.
आणि डिझेलचा फिल्टर कंपनीचाच घाल,
तिथे चार बैसा वाचवू नकोस.