घोळ

सॉमरसेट स्ट्रीटवर, आमच्या औषधांच्या दुकानासमोर
एक घर पडलं होतं, मी इथे यायच्या आधीच.
शेजारच्या भिंतीवर त्याच्या जिन्याची तिरकी खूण,
आणि वर, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर,
कुणाच्या तरी न्हाणीघराच्या पोपटी फरश्या.
खाली गाद्या, टायर, सुया.
सुया ओळखीच्या. काही आमच्याच काउंटरवरून गेलेल्या.

अकरा वर्षं मी ती जागा पाहिली,
बीपीच्या गोळ्या पाच-पाच करून मोजताना.
मान वर केली की तीच.
माणसं तिच्या अलीकडेच रस्ता ओलांडत.

ओडेल प्रुइट पालिकेत खेटे घालत राहिले.
उत्तर ठरलेलं: जागेच्या कागदांत घोळ आहे.
मालक वारला, मुलगा सापडत नाही, कर थकलाय.
मग एका एप्रिलमध्ये ट्रक आला.
कचरा उचलला, गवताचं बी फेकलं,
गुडघ्याएवढं लाकडी कुंपण घातलं,
तीन काटकुळी झाडं खोचली, आणि गेला.
बाग म्हणायला जीभ रेटू नये, एवढीशी.

मातीत शिसं निघालं, जुन्या रंगातलं.
म्हणून ओडेलनी फळ्यांचे चार वाफे ठोकले, वर विकतची माती.
लुसिंडा मरेरोनं मिरच्या लावल्या.
आणि न लावलेलंही उगवलं:
लालसर देठ, गुबगुबीत पानं, जमिनीसरसं.
ओडेल खुरपं घेऊन वाकले
आणि आम्ही दोघी एकदमच ओरडलो,
ती म्हणाली व्हेर्दोलागा,
मी म्हणाले घोळ!
डाळ घालून, मी म्हटलं. अंडं घालून, ती म्हणाली.
अकोल्यात ही भाजी आम्ही पाहुण्यांना वाढत नसू.
इथे तिची जुडी मी कागदात गुंडाळून
इन्सुलिनशेजारी फ्रिजमध्ये ठेवली. नियमात बसत नाही.

युनिव्हर्सिटीची एक मुलगी तक्ता घेऊन आली.
फरक पडला का?
मी खरं ते सांगितलं. गोळ्या तेवढ्याच जातात.
रात्री दोन गल्ल्या पलीकडे बंदुका वाजतात.
तिनं लिहून घेतलं, जरा हिरमुसली.

एक सांगायचं राहिलं.
पंधरा मिनिटं लागतील म्हटलं
की लोक आता खुर्चीत नखं खात बसत नाहीत,
पलीकडे जातात,
आणि औषध तयार झालं की मला
दारात उभं राहून नावानं हाक मारावी लागते.
अकरा वर्षं मी त्यांना जन्मतारखेनं ओळखत होते.

जुलैत ऊन भाजून काढत होतं.
ओडेल रोज साडेपाचला
स्वयंपाकघरातली खुर्ची डोक्यावर घेऊन येत.
त्या मंगळवारी खुर्ची आली नाही.
पावणेसहाला लुसिंडानं माझ्या काचेकडे पाहिलं.
सहाला तेरेल, ज्याच्याशी ते गाण्याच्या आवाजावरून
तीन वर्षं भांडत होते,
त्यांच्या दारावर मुठी आपटत होता.
आत खिडक्या बंद, पंखा बंद,
ओडेल जिन्यात बसलेले, मेलेल्या भावाशी बोलत.
बर्फ आमच्या दुकानातला. टॉवेल कुणाकुणाचे.

पाच दिवसांनी परतले. खुर्ची आता तेरेल आणतो,
आवाज मात्र कमी करत नाही.

त्या मुलीला फोन करावा असं वाटलं होतं.
पण तक्त्यात रकाना कुठला सांगू?
एक माणूस दिसला नाही,
आणि ते कुणाला तरी दिसलं.

कागदांतला तो घोळ अजून तसाच आहे.
मालकाचा मुलगा उद्या उगवेलही, बिल्डरला घेऊन.
वाफ्यातली ती घोळ
फळीवरून उतरून फुटपाथकडे निघालीय.
पाच, दहा, पंधरा, वीस.
बाटलीला झाकण लावून मी दारात जाते.
मिसेस हॉलोवे!
पाठमोरा हात वर होतो:
थांब गं, एवढं पाणी घालून येते.