रूम टोन

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे,
एका बंगल्यात आम्ही सहा वर्षं एकच घर शूट केलं.
मी साउंडवाला. माणसांना तोंडावरून कमी ओळखतो,
आवंढ्यावरून जास्त.

माईसाहेबांच्या पदराखाली माइक लावताना
त्या म्हणायच्या, "आत क्रूस आहे हां.
घासला तर तुझ्याच कानात देव खरखरेल."
वरून नऊवारी, नथ, तुळशीला पाणी.
आतून सेलेस्टिन मिस्किटा, चरई, ठाणे.

शॉट संपला की सगळ्यांचे माइक बंद करायचे.
त्यांचा मी विसरायचो.
मुद्दाम, हे सांगायला आता हरकत नाही.
मेकअप रूमचा जिना चढताना, दम लागलेला असताना
त्या मधेच एक सूर उचलायच्या,
वाकवायच्या,
आणि ठेवायला हवा तिथे न ठेवता
पायरीभर पुढे नेऊन ठेवायच्या.
शब्द नसायचे. दू-बा, दू-वी, असलं काहीतरी.

विचारलं तर हप्त्याहप्त्याने सांगितलं.
सतरा वर्षं वय. चर्चगेटचं हॉटेल. हिरवा गाउन
मावशीचा, मागे सेफ्टी पिनांची रांग,
"म्हणून कधी लोकांना पाठ दाखवली नाही मी.
पेपरात आलं, काय हा आत्मविश्वास!"
रात्री दोनला परत, दुधाच्या रिकाम्या गाडीतून.
मुलुंड चेकनाक्याच्या खड्ड्यांत कॅन आपटायचे,
त्या ठेक्यावर ती आणि ड्रमर लँबर्ट
शेवटचं गाणं पुन्हा एकदा.
बाप वेड्यांच्या इस्पितळात कंपाउंडर.
दार उघडायचा, बोलायचा नाही,
घड्याळाला चावी द्यायचा.

मग हॉटेलाने बँड काढला, टेप लावली.
"टेप जेवायला मागत नाही," मॅनेजर म्हणाला.
लँबर्ट कुवेतला गेला. ट्रंपेटवाला वरातीत.
ही नाटकात,
दुसऱ्या अंकात येणारी बाई:
दारू म्हणून कोरा चहा, न पेटवलेली सिगरेट,
नायक शुद्धीवर आला की निघायचं.
दिग्दर्शक म्हणाले, "तुमचं मराठी फार स्वच्छ आहे हो.
जरा मोडा. लोकांना पटणार नाही."
"मना नाय जमाचा," ती म्हणाली, तिच्या आजीच्या मराठीत.
ते हसले. म्हणाले, हे तर नकोच.
मग मोडलं. बावीस वर्षं मोडलेलं बोलली.
नर्स, मेट्रन, टायपिस्ट, घरमालकीण मिसेस अमुक.
साठी उलटली, केस पांढरे झाले,
कुणाला तरी ते सोज्वळ वाटले,
आणि तेच मराठी
पुन्हा जोडून मागितलं.

नवे दिग्दर्शक वैतागायचे.
"माईसाहेब, वाक्य उशिरा येतंय."
"उशिरा नाही रे. मागून."
एडिटला बसलं की कळायचं.
सून रडते, मुलगा ओरडतो,
आणि त्यांचं ते "बरं", अर्धी मात्रा थांबून.
अख्खा सीन येऊन त्यावर टेकायचा.

शेवटचा दिवस. शेवटचा आहे हे माहीत नव्हतं.
रूम टोन घेत होतो. म्हणजे तीस सेकंद
कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही,
नुसत्या खोलीचा आवाज भरून ठेवायचा,
पुढे कापलेल्या जागा बुजवायला.
एसी बंद. चाळीस माणसं पुतळे.
आणि माझ्या कानात
टिक्.
हिरव्या बांगडीवर नख.
एक रिकामं, दोनवर. तीन रिकामं, चारवर.
डोळे मिटलेले होते त्यांचे.
मी कट म्हटलं नाही.
एक मिनिट अकरा सेकंद.

मालिका चालू आहे. भिंतीवर त्यांचा फोटो, चंदनाचा हार.
चर्चमध्ये ठेवला होता तो वेगळा,
हिरव्या गाउनमधला.
युनिटमधल्या निम्म्यांनी ओळखलाच नाही.

परवा एडिटवरचा नवा मुलगा म्हणाला,
"सर, हा टोन खराब आहे. मागे काहीतरी वाजतंय.
दुसरा टाकू?"
राहू दे, म्हटलं.
पंखा असेल.