जड काय असतं

मार्केट यार्ड, सांगली.
पहाटेचे पावणेसहा, गाळा नंबर चौऱ्याऐंशी.
शटर अजून खाली आहे, पायरीवर बसून लिहितोय.
कार्डाला हळद लागली तर राग मानू नका,
इथं ती कशालाही लागते.

साहेब, हे पाचवं कार्ड.
पहिल्या चारांना मिळून एकच उत्तर आलं, छापील :
'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.
तथापि सामान्य श्रोत्याला
संपूर्ण राग जड जातो.'

जड.

तीस वर्षं ह्या पाठीवर दुसरं काय आहे?
पोतं शंभर किलोचं होतं तेव्हापासून उचलतोय.
पुढं ते पन्नासचं झालं, बरं झालं,
पोरांचे मणके वाचले.
पण गाणं अर्धं करा म्हणून
कुठल्या हमालानं मोर्चा काढला होता?

काल तोडी लावलीत.
बाई नुकत्या कुठं कोमल गंधारावर टेकल्या होत्या,
घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून
कृष्णेत एकच पाय सोडावा, तशा.
तेवढ्यात तुमचा तो मुलगा हसत आला,
'किती फ्रेश वाटलं ना!' म्हणाला,
आणि मग पीव्हीसी पाइपची जाहिरात.
पाय राहिला तसाच, पाण्यात.

मला राग ओळखता येत नव्हते. अजून निम्मे येत नाहीत.
सहावी नापास. नाव भूपाल,
आणि ह्या नावाच्या शेजारीच एक राग राहतो
हे बत्तिसाव्या वर्षी कळलं, तुमच्याच रेडिओवर.
त्या दिवशी मी उगाच नवा सदरा घातला.
तेव्हा कुणी समजावून सांगत नसे.
नाव सांगायचे, ताल सांगायचे,
आणि बाजूला व्हायचे.

विलंबित एकताल मी फळीवर शिकलो :
ट्रकपासून थप्पीपर्यंत बारा पावलं,
तेराव्याला पोतं खाली. धप्प.
दस्तगीर ओरडायचा, 'भूपाल्या, समेवर टाकलास की रं!'
त्याचा चुलता मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे कोरायचा,
म्हणून त्याला बोलायचा हक्क होता.

हरिपुरात हळदीची पेवं होती, ऐकून असाल.
पेवाचं तोंड उघडलं की लगेच उतरत नसत.
आत हवा कोंडलेली, माणूस गुदमरून मरतो.
झाकण काढून नुसतं बसायचं,
बिडीसुद्धा लांब जाऊन ओढायची.
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा,
हळू, वीतवीत.
विझला तर वर ओढायचा, पुन्हा थांबायचं.
तळाशी जळत राहिला, तर माणूस.
आलाप म्हणजे एवढंच असतं, साहेब.
तुम्ही झाकण काढता आणि उडी टाकता,
वर विचारता, श्रोते का मेले.

दस्तगीर गेल्या उन्हाळ्यात गेला.
त्या सकाळी तुमच्याकडं बासरी होती,
साडेचार मिनिटं. मग राशिभविष्य.
उरलेली बासरी मी कबरस्तानापर्यंत
चालत चालत मनात पुरवून आणली,
माझ्याजवळ होती तेवढी.
ती पुरली नाही.
फाटकाशीच संपली, आणि पुढं
नुसत्या चपला वाजत राहिल्या सगळ्यांच्या.

ट्रक आला. एकशे चाळीस पोती.
कालचा तो गंधार अजून माझ्या खांद्यावर आहे,
कुठं उतरवू तेवढं कळवा.

आपला सामान्य श्रोता,
भूपाल जिन्नाप्पा उपाध्ये,
हमाल, बिल्ला नंबर २१७

ता. क. सेल महागलेत.
कालच दोन नवे घातलेत, तरी.